लिंब, मुंगळे आणि ठकूबाईचा घास

झाडं माणसांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. एका उघड्या माळावर एकच उंच लिंब होता. ठकूबाई धनगरीण रोज दुपारी त्याच्या सावलीत मेंढरं बसवायची आणि भाकरीचा पहिला घास त्याच्या बुंध्याशी ठेवायची.

एकदा ती जेवत असताना लांबवर ढग गुरगुरले. लिंब म्हणाला, "पोरी, ऊठ. मेंढरं घे आन् गावातल्या धर्मशाळेत जाऊन बस."

"का? तुझा आडोसा हाय की."

"उन्हाला हाय, विजेला न्हाई. या माळावर माझ्याएवढं उंच कुणी न्हाई. ती आधी मलाच गाठणार."

"रोज माझा घास खातोस आन् आज हाकलतोस व्हय?" ठकूबाई रुसली. तिनं घोंगडी डोक्यावर घेतली आणि बुंध्याला पाठ टेकली.

लिंबाचा जीव खालीवर झाला. त्यानं मुळांतल्या मुंगळ्यांना हाक मारली. मुंगळे भराभरा वर आले आणि तिच्या पायांना कडकडून चावले. लिंबाला शिव्या घालत, मेंढरं हाकत ठकूबाई गावाकडं पळाली. ती धर्मशाळेत शिरते न शिरते तोच माळावर वीज कडाडली.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळल्यावर ती आली. लिंब शेंड्यापासून अर्ध्यापर्यंत चिरला होता. एक फांदी तेवढी हिरवी होती. तिच्या सावलीत ठकूबाई सुजलेले पाय पसरून बसली. तिनं पहिला घास बुंध्याशी ठेवला. मग दुसरा मोडला आणि मुंगळ्यांच्या वारुळापाशी ठेवला.