गायरानातला टाकळा

एका गावात गुरे फार आणि गायरान एकच. त्या गायरानात गाजरगवत माजले. चाऱ्याला जागा उरेना. गाई तेच खाऊ लागल्या आणि घरोघरचे दूध कडू झाले.

गावचे महादबा पाटील शेतकी शाळेतल्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी त्यांना डबाभर भुंगे आणि टाकळ्याचे बी दिले. ते म्हणाले, "भुंगे गाजरगवताची पाने खातील. पण मोकळी झालेली जमीन कोणीतरी धरायला हवी, नाहीतर तेच गवत पुन्हा उगवेल. ती टाकळा धरील. मात्र शेंगा वाळून बी पडेपर्यंत त्याला हात लावू नका."

पाटलांनी चावडीवर तसा नियम केला. भुंग्यांनी गाजरगवताच्या पानांची चाळण केली. मधल्या जागेत टाकळा तरारून आला, कोवळा, लुसलुशीत. त्याची भाजी कोणाला नको असते? पण गावाने मन आवरले.

तेवढ्यात पाटलांची लेक चंद्रा बाळंतपणाला माहेरी आली. म्हणाली, "आबा, टाकळ्याची भाजी खावीशी वाटतेय."

लेकीचे डोहाळे कसे मोडायचे? पाटील पहाटे गायरानात गेले आणि टोपलीभर रोपे मुळासकट उपटून निघाले.

वाटेत गुणाबाई गवळण भेटली. तिने टोपलीत डोकावून पाहिले.

"लेकीसाठी होय, पाटील?"

"एवढीशीच घेतली गं."

"घ्या की! माझ्या सुनेलाही दिवस गेलेत. तिचे डोहाळे काय सावत्र आहेत?"

पाटलांनी टोपलीवर उपरणे टाकले आणि घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी बायका टोपल्या घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांना अडवायला पाटलांकडे तोंड नव्हते. बघता बघता टाकळा संपला. भुंगे खातच होते, पण उघड्या जमिनीत गाजरगवत त्याहून भराभर उगवत होते.

एके दिवशी चंद्राने दुधाचा पेला ओठांना लावला आणि खाली ठेवला. "आबा, पिववत नाही हो."

पाटील उठले. गुरुजींकडून पुन्हा बी आणले आणि चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिली टोपली माझी होती. चूक माझी."

"आता राखण कोण करणार?" गुणाबाईने विचारले.

"मीच. आणि टोपली घेऊन आलेल्यांना परत पाठवायची वेळ आली, तर आधी माझ्या घरच्यांना पाठवीन."

त्या वर्षी टाकळ्याच्या शेंगा झाडावरच वाळल्या. पुढच्या पावसाळ्यात गाजरगवताला गायरानात पाय ठेवायला जागा मिळाली नाही.

तात्पर्य: वाईट नुसते हटवून भागत नाही, त्याच्या जागी चांगले रुजेपर्यंत आधी आपला स्वतःचा हात आवरावा लागतो.