जिन्यात सांडलेला मुजरा

"परत गार!" सरदार बोरेफेल्टांनी चमचा आपटला. "ब्रिता, उद्या सूप वाफाळतं आलं नाही तर बांध गाठोडं!"

स्वीडनमधला ऐन हिवाळा, बाहेर कमरेइतकं बर्फ. हाकलल्यावर मोलकरणीने जायचं कुठे? पण दोष तिचा नव्हता हो! दोष होता सरदारांच्या मुजऱ्याचा. समोर येणाऱ्याने आधी म्हणायचं, "महाकुलीन, महापराक्रमी, प्रांताचे भूषण सरदारसाहेब, आपल्या चरणी अत्यंत नम्र अशी चेनारे!" चेनारे म्हणजे चाकर. हे मारुतीचं शेपूट संपेपर्यंत सुपावर साय धरायची.

"साहेब, मुजरा थोडा आखडता घेऊ का?"

"एक शब्द गाळशील तर खबरदार! मुजरा पुरा हवा, सूपही गरम हवं!"

"इकडे आड, तिकडे विहीर!" खाली स्वयंपाकघरात स्वयंपाकीणबाई हळहळल्या.

दुसऱ्या दिवशी ब्रिता सूप घेऊन पुटपुटतच जिना चढली, तडक आत शिरली, वाडगा मांडला आणि कमरेत वाकून म्हणाली, "चेनारे!"

सूप चांगलं वाफाळत होतं. पण सरदार कडाडले, "बाकीचा मुजरा कुठे गेला? खाल्लास?"

"छे हो साहेब! जिन्यात म्हटला की. एक शब्द गाळला नाही."

"जिन्यात? भिंतींना मुजरा?"

"भिंतींना कसा? तिथे आपल्या वाडवडिलांच्या तसबिरी आहेत ना! थोरांचा मान आधी, हा नियम आपलाच. महाकुलीन म्हटलं पणजोबांना, महापराक्रमी आजोबांना, प्रांताचे भूषण थोरल्या साहेबांना. वाटता वाटता आपल्या दारी एवढाच शब्द उरला. बाकीचे हवेच असतील, तर सांगा, कुणाकडून काढून आणू?"

सरदारांनी तोंड उघडलं. पण सूप निवेल, म्हणून त्यात आधी चमचाभर सूपच घातलं. काय चव होती! आजवर गरम सूप त्यांना ठाऊकच नव्हतं. मग ते असे हसले, की मिशीवरून सूप ओघळलं.

ब्रिताला लोकरीची शाल मिळाली, कायमची नोकरी मिळाली, आणि हुकूम सुटला, "आजपासून एकच शब्द पुरे!"

खुशीतच सरदार अंगणात आले. घोड्याला खरारा करत असलेला मोतद्दार ओरडला, "चेनारे!"

"चेनारे, चेनारे!" सरदार उत्तरले.

आपण मोतद्दाराचे चाकर झालो, हे दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. अंगणात हशा पिकला. आणि मग सगळ्यांत मोठ्याने हसले ते सरदारच!