मोऱ्याची आंधळी बाजू

जनावरांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. हौशा नावाच्या खोंडाने भांडणात म्हाताऱ्या मोऱ्या बैलाचा डावा डोळा फोडला. चाबूक मारून, गळ्यात लोढणं अडकवूनही तो सुधारेना, तेव्हा मालकीण गजराबाईने त्याला कसायाला द्यायचं ठरवलं.

मोऱ्या म्हणाला, "आधी त्याला माझ्या डावीकडे जुंपून बघा."

"त्या बाजूने शिंग आलं तर तुला दिसणारही नाही."

"त्यालाही ते ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो."

म्हाताऱ्याची छाती बघा. गजराबाईने दोघांना तसं जुंपलं. नांगर ओढताना मोऱ्या चुकून हौशाला धडकला. हौशाने शिंग उगारलं. मोऱ्या मान न हलवता म्हणाला, "मला दिसत नाही रे. बांध आला की सांग."

शिंग बराच वेळ तसंच राहिलं. मग खाली आलं.

"बांध आला, आजा," हौशा म्हणाला. "सावकाश वळ."