आक्काची अर्धी टोपली

फार फार पूर्वी रानाला लागून एक गाव होतं. त्या गावात दोघीजणी सोनकिडे गोळा करायच्या. सोनकिड्याचे पंख हिरवे, सोन्याच्या झळाळीचे. राणीच्या शालूच्या पदरावर ते टाचले जात आणि पंखांच्या बदल्यात राजवाड्यातून धान्य मिळे.

एक होती धुरपाआक्का, केस पिकलेली. दुसरी यसू, कडेवर लेकरू असलेली. यसूला जात्याच घोर फार. पाऊस पंख वाहून नेईल, दुसऱ्या गावच्या बाया आधी येतील, मग पोराच्या तोंडात काय घालू? तिला वाटे, जिवंत किडेच धरावेत आणि मोकळं व्हावं.

आक्का म्हणे, "थांब गं. किड्यानं झाडाच्या सालीत अंडी घातली की तो आपोआप गळून पडतो. मग वेच. आधी त्यांची लेकरं, मग आपली."

थांबून वेचायचं म्हणजे काही पंख हातचे जायचेच. आक्काची टोपली कायम अर्धी. पाणवठ्यावर बाया हसायच्या, "आक्का, गळकी आहे का गं टोपली तुझी?"

आक्का म्हणे, "गळकी नाही बाई. अर्ध्यातच तिचं पोट भरतं."

एका साली सोनकिडे नुकते झाडांवर दिसू लागले, आणि आक्का गेली. चालता बोलता गेली. यसूला काही सुचेना. रानात "थांब गं" म्हणणारं कुणी उरलं नाही.

मग तिनं मनाशी धरलं, की आक्काला हसत होत्या ना, आता दहाव्याला पिंडाशेजारी तिची टोपली काठोकाठ भरून ठेवायची. पण किडे गळायला अजून अवकाश होता. यसूनं झाडं हलवली, जिवंत किडे धरले, आक्काच्या टोपलीत कोंबले आणि वर झाकण घातलं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे आले, झाडावर बसले, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते बोलून दाखवावं, अशी रीत. आक्काचा दीर म्हणाला, "वहिनी, शेळ्या मी सांभाळतो." शेजारीण म्हणाली, "आक्का, तुझं छप्पर आम्ही शाकारू." कावळा हलेना. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं किरकिरू लागली. यसूला घोर लागला. आक्का अशीच तिष्ठत राहिली तर?

तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "यसू, टोपलीत काय गं खरखरतंय? आक्काच्या टोपलीत कधी काही वळवळलं नाही."

यसू टोपलीशी बसली आणि म्हणाली, "आक्का, तुला कुणी हसू नये म्हणून केलं. चुकलं माझं. आधी त्यांची लेकरं, मग आपली." आणि तिनं झाकण काढलं.

किडे भुर्रकन उडाले, झाडांकडे गेले. एक तेवढा पिंडावर बसला. कावळा झेपावला, किडा निसटला आणि चोच भातात रुतली. कुणी म्हणालं, कावळा शिवला. कुणी म्हणालं, त्याचा डोळा किड्यावर होता. ते काही असो, आक्का सुटली आणि माणसं जेवायला घरी गेली.

त्या साली यसू थांबली. किडे गळाल्यावर तिनं पंख वेचले. टोपली अर्धीच भरली, पण घरात भाकरी कमी पडली नाही. पलीकडच्या गावानं जिवंत किडे धरले, त्यांच्या टोपल्या भरभरून गेल्या. पुढं पुढं त्यांच्या झाडांवर सोनकिडा दिसेनासा झाला. यसूच्या रानात मात्र दरसाल हिरवं चमकत राहिलं, आणि तिच्या टोपलीला बाया हसत राहिल्या.

गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची, तर त्याचं नाव मिरवू नये, त्याची रीत चालवावी.