मंजुरीच्या यादीतले चाळीस सेकंद

“...आणि वर मलाच विचारता, चुकलं कुणाचं?”

निनाद पेठकर तावातावाने बोलत होता. कासमबाबा दोरीच्या खाटेवर बसून साप ठेवायच्या पिशवीला ठिगळ लावत होते.

चंद्रपूरकडच्या त्या गावात, दर्ग्यामागच्या एका खोलीत बाबांचं आयुष्य गेलं. घरात निघालेले साप धरायचे, रानात नेऊन सोडायचे. निनाद त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढे नागपूरला गेला आणि इंटरनेटवर सर्पमित्रांचा कट्टा उभा केला. साठ हजार माणसं. प्रत्येक भागाची वेगळी शाखा, शाखेला तिथलाच चालक.

“सातशे माणसं घेऊन गेली ती मैनी पुंगाटी. स्वतःचा कट्टा काढला. तिकडच्या माडिया गावांची शाखा मीच तिला दिली होती, बाबा!”

“का गेली?”

“नियम नको होते तिला. एका शाखेत कुणीतरी सर्पदंशावर मुळी चघळायला सांगितली, लोकांनी ते पसरवलं. तेव्हा मी सगळ्याच शाखांचे अधिकार काढून घेतले. आता प्रत्येक संदेश आधी आमच्याकडे येतो. आम्ही तिघं तपासतो, मग सोडतो. यात वाईट काय?”

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

“तिच्या गावचा लालसू कसा मेला?”

“...मण्यार चावली. तेंदूपत्ता तोडायला गेला होता, झोपडीत जमिनीवर निजला.”

“चावली ते मला ठाऊक आहे. मेला कसा?”

“जवळच्या केंद्रात नेला. तिथलं सापाचं इंजेक्शन संपलेलं. पुढच्या ठिकाणी नेताना वाटेत...”

“संपलंय हे कुणाला माहीत नव्हतं?”

“मैनीला होतं.”

“मग तिने कळवलं नाही?”

“कळवलं.”

“कधी?”

“दोन दिवस आधी.” निनादचा आवाज बारीक झाला, मग एकदम चढला. “पण तिथल्या माडिया बोलीत बोलली होती! आम्हा तिघांनाही माडिया येत नाही. न समजता कसं सोडणार? मी तिला लिहिलं, मराठीत पाठव म्हणून. तिचं उत्तरच आलं नाही.”

“ती रेंजसाठी टेकडी चढते. रोज चढत नाही.”

“ते मला कसं कळणार, बाबा?”

बाबांनी पिशवी बाजूला ठेवली.

“लाव तो संदेश.”

निनादने फोन काढला. संदेश अजून तिथेच होता, मंजुरीच्या यादीत. बाईचा घाईचा, स्पष्ट आवाज. मागे कोंबडी ओरडत होती. चाळीस सेकंद. संपला.

“पुन्हा लाव.”

त्याने पुन्हा लावला.

“आता तुम्हीच सांगा, तुम्हाला तरी काय कळलं?”

“काही नाही.”

“बघा!”

“चाळीस वर्षं जातो मी तिकडे. ती बोली मला आली नाही.” बाबांचा आवाज चढला. निनादने त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “आली नाही, म्हणून तर तिथल्या माणसाला मी कधी ‘थांब’ म्हटलं नाही!”

त्यांनी फोन ओढून घेतला. ‘मंजूर’ लिहिलेल्या जागी अंगठा दाबला.

संदेश शाखेवर गेला.

“वाच. किती जणांना मिळाला?”

निनादने पडद्याकडे पाहिलं. शाखेत तीन नावं उरली होती. एक त्याचं. दोन नागपूरच्या तपासणाऱ्यांची.

“...मी तिचे सगळे अधिकार तिला परत देतो. आजच. जाहीर करतो.”

“तिने मागितलेत?”

“...नाही.”

“मग कुणासाठी जाहीर करतोस?”

निनादने फोन खिशात घातला. पुन्हा काढला. पुन्हा घातला.

“मग मी करू काय, बाबा?”

“तिच्या गावी जा. अंगणाबाहेर बस. बोलावलं, तर आत जा.”

“आणि नाही बोलावलं तर?”

“तर समज, त्यांचं तुझ्यावाचून चाललंय.”