राणू नावाड्याची झोप

फार जुनी गोष्ट आहे, बरं का. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. पलीकडे जायचं असेल, तर काठावर उभं राहून नावाड्याला हाक मारायची आणि तो येईपर्यंत वाट बघायची. अशाच एका नदीकाठच्या गावात राणू नावाचा एक नावाडी राहत होता. त्याची झोपडी घाटाला अगदी लागून होती, आणि घरात तो आणि त्याची बायको तुळसा अशी दोघंच.

राणू मोठा गुणी माणूस. होडी अशी चालवायचा की मांडीवर दुधाचं भांडं घेऊन बसलेल्या गवळणीचं थेंबभर दूध सांडत नसे. पण बिचाऱ्याला झोप येत नव्हती. रात्री आडवा व्हायचा, या कुशीवरून त्या कुशीवर वळायचा, आणि कोंबडा आरवला की लाल डोळ्यांनी उठून बसायचा.

हे असं कधीपासून, ते सांगते. मागच्या थंडीत एक वाटसरू रात्री पलीकडच्या काठावर आला. त्यानं हाका मारल्या, पण राणू दिवसभराच्या श्रमानं गाढ झोपला होता. वाटसरू रात्रभर कुडकुडत बसला, आणि सकाळी साऱ्या गावासमोर राणूला म्हणाला, "तू नावाडी आहेस की कुंभकर्ण?" लोक हसले. हसून विसरूनही गेले. राणू मात्र विसरला नाही. त्या दिवसापासून तो अंथरुणावर पडायचा खरा, पण कान नदीवर ठेवून. पाण्यात मासा उसळला तरी उठून बसायचा. "कोणी हाक मारली का गं?" असं तुळसाला विचारायचा.

आणि हाका काय कमी यायच्या? पलीकडच्या गावात बाजार भरायचा. बाजार दुपारीच उठायचा, पण आमचे लोक लगेच घरी येतील तर शपथ! कोणी मेहुण्याकडे गप्पांना बसायचं, कोणी कुस्त्या बघत उभं राहायचं. काळोख पडला की मग सावकाश काठावर यायचं आणि ओरडायचं, "राणूऽऽ, होडी आण रेऽऽ!" उशीर झाला म्हणून कोणी हळहळत नसे. राणू आहेच की!

आता गावात एखाद्याला झोप येत नाही म्हटल्यावर गाव गप्प बसेल का? सगळे उपाय घेऊन हजर. वाणी म्हणाला, "दुधात जायफळ उगाळून घे." सोनाराची आई म्हणाली, "खसखशीची खीर खा रे बाबा." तेली म्हणाला, "तळपायाला तेल चोळ." गवळ्यानं लगेच त्याला खोडून काढलं, "तेल नाही, तूप! आणि तेही काशाच्या वाटीनं घासायचं." शास्त्रीबुवा म्हणाले, खाटेचं डोकं पूर्वेला कर. गुरवानं सांगितलं दक्षिणेला. राणू भोळा माणूस, कोणाचंच मन मोडवेना. त्याची खाट त्या आठवड्यात जात्यासारखी गरगर फिरली.

उपाय काही वाईट नव्हते हो. तूप चोळल्यावर पायांची आग थांबायची, दुधानं पोटाला बरं वाटायचं, डोळे मिटू लागायचे. पण तेवढ्यात पलीकडून हाक यायची, आणि गंमत बघा, हाक मारणारा कोण असायचा? कधी तो वाणी, कधी तो तेली! राणूच्या होडीत बसून पुन्हा वर त्यालाच विचारायचे, "काय रे, माझ्या औषधानं झोप लागली का?" राणू म्हणायचा, "लागत होती, पण..." आणि पुढचं गिळून टाकायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी लग्नाचं वऱ्हाड होडीत बसलं होतं. नवरी होती, करवल्या होत्या, रुखवताच्या टोपल्या होत्या. भर नदीत राणूचा डोळा लागला. वल्हं हातातून सुटलं आणि होडी खालच्या खडकांकडे निघाली. बायका किंचाळल्या. नवऱ्याच्या मामानं झेप घेऊन वल्हं धरलं, म्हणून माणसं वाचली. पण टोपल्या कलंडल्या आणि रुखवतातले लाडू, करंज्या नदीतून वाहत गेल्या. माशांची दिवाळी झाली आणि नवरीची आई रडायला लागली.

दुपारी पाटील घाटावर आले. पाटलांचा आवाज असा की ते हळू बोलले तरी तीन घरं पलीकडे ऐकू जाई. ते म्हणाले, "राणू, तू माझ्या मुलासारखा. पण आज माणसं बुडाली असती. येत्या पौर्णिमेपर्यंत तुझी झोप ताळ्यावर आली तर ठीक. नाहीतर खालच्या गावचा नावाडी आणावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटल्याशिवाय कसं राहील? राणूच्या आजानं या घाटावर होडी चालवली, बापानं चालवली. होडी गेली तर राणू कोण उरणार? तो झोपडीच्या दारात डोकं धरून बसला. पौर्णिमेची काळजी लागली, आणि होती नव्हती तेवढी झोपही उडाली. झोप लागलीच पाहिजे असं म्हणत तो डोळे घट्ट मिटून पडायचा. असं कुठे असतं का?

गावात ठकूआत्या नावाची म्हातारी सुईण होती. एकदा पलीकडून एक बाळंतपण उरकून ती परत येत होती. होडीतून उतरताना तिनं राणूचे डोळे पाहिले आणि ती तिथेच पायरीवर बसली.

राणू वैतागून म्हणाला, "आत्या, आता तुम्हीही काहीतरी उगाळायला सांगा."

आत्या म्हणाली, "मी कशाला सांगू? मला तर तुला एक विचारायचंय. मलाही रात्री-अपरात्री हाका येतात की नाही? बाळं काय दिवस बघून जन्मतात? तरी मी मस्त घोरते. का, सांग बरं?"

"का?"

"आम्ही दोघी आहोत म्हणून. मी आणि माझी जाऊ. आज जायची पाळी तिची असली की मी कानावर पांघरूण ओढते. मग कोणी दार फोडलं तरी मी उठत नाही. मला ठाऊक असतं, ती आहे. तुझ्या घरात दुसरं कोण वल्हं मारतं?"

"कोणीच नाही. मी एकटाच."

दारात तांदूळ निवडत बसलेली तुळसा फणकाऱ्यानं म्हणाली, "कोणीच नाही कसं? माझ्या माहेरची नदी हिच्या दुप्पट रुंद आहे. लग्नाआधी बाबांची होडी मीच न्यायचे. दहादा सांगितलं यांना, रात्रीची पाळी मला द्या. ऐकतील तर ना!"

राणू चाचरत म्हणाला, "अगं, ते माहेरी. इथे लोक काय म्हणतील? नावाडी घोरत पडतो आणि बायकोला नदीवर धाडतो?"

"लोक आत्ताही म्हणताहेतच की, नावाडी भर नदीत पेंगतो म्हणून," आत्या म्हणाली. "त्यापेक्षा हे बरं."

राणूला ते लागलं. खरं सांगायचं तर लोकांची भीती अर्धीच होती. अर्धी भीती ही होती, की आपल्यावाचून ही होडी चालली, तर मग आपली किंमत काय? वल्हं हातात घेऊन तो तुळसाकडे वळला. तिच्या डोळ्यांखालीही काळं झालं होतं. तो जागा असला की तीही जागीच असायची, हे राणूनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यानं वल्हं पुढे केलं आणि म्हणाला, "चल, ने मला पलीकडे. बघू तरी."

तुळसानं पदर खोचला आणि होडी पाण्यात ढकलली. राणू उतारूसारखा मध्ये बसला, पण गप्प बसवेना. "डावीकडे घे. पुढे भोवरा आहे. हळू, हळू!"

"तोंडानं वल्हं मारू नका," तुळसा म्हणाली. "बसा निवांत."

होडी सरळ चालली होती. भोवरा बाजूला राहिला, खडकही बाजूला राहिला. राणूच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. ऊन कोवळं होतं, पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. आणि काय सांगू, पलीकडचा काठ यायच्या आत राणूची मान कलली आणि तो चक्क घोरायला लागला!

काठावर वाणी उभा होता. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तर तुळसानं ओठांवर बोट ठेवलं. वाणी होडीजवळ आला, झोपलेला राणू बघितला आणि वरमला. मुकाट्यानं बसला आणि उतरताना तुळसाला हळूच म्हणाला, "वहिनी, आम्हीच रात्री-बेरात्री ओरडत होतो, नाही का?"

"हो," तुळसा म्हणाली. उगाच नाही-नाही म्हणाली नाही ती.

वाण्यानं ही गोष्ट गावात सांगितली. मग पारावर बसून सगळ्यांनी ठरवलं, की बाजारातून दिवेलागणीच्या आत परतायचं. आजारपण किंवा बाळंतपण असेल, तरच रात्री हाक मारायची. काहींनी कुरकुर केली. कुस्त्या अर्ध्या सोडून यायचं म्हणजे काय! पण सवय लागली.

राणूची झोप काही जादूनं आली नाही हं. सुरुवातीच्या रात्री तो दचकून उठायचाच. "हाक आली का गं?" तुळसा म्हणायची, "आज माझी पाळी. आली तर माझ्यासाठी येईल." तो पुन्हा आडवा व्हायचा. त्यानं दिवसाचं पेंगणं सोडलं, जेवण लवकर उरकू लागला आणि उजाडलं की उठू लागला, मग झोप झालेली असो वा नसो. झोप लागलीच पाहिजे हा हट्टही त्यानं सोडला. नुसतं पडून राहायचं, पाण्याचा आवाज ऐकायचा. हळूहळू झोप आपली आपण येऊ लागली.

पौर्णिमा आली. पाटील त्या रात्री लेकीच्या सासरी होते. लेकीचं पोर तापानं फणफणलं होतं, म्हणून त्यांना लवकर परतून वैद्याला धाडायचं होतं. पहाटे ते काठावर आले आणि त्यांनी आपल्या त्या आवाजात हाक दिली, "राणूऽऽऽ!" झाडांवरचे बगळे उडाले. गावातली कुत्री भुंकू लागली.

होडी लगेच निघाली. वल्ह्यावर तुळसा होती.

पाटील चमकले. "राणू कुठाय? बरं नाही का त्याला?"

"अगदी बरं आहे. झोपलेत ते. आज माझी पाळी."

लेकीच्या पोराला ताप आहे, वैद्याला धाडायचंय, एवढं सांगून पाटील होडीत बसले. होडी धारेला लागली, भोवरा टाळून सरळ काठाला आली. डगमग नाही की धक्का नाही. तुळसा म्हणाली, "वैद्यबुवांना घेऊन या, मी इथेच थांबते. त्यांना लगेच पलीकडे नेते."

पाटील निघाले. वाट राणूच्या दारावरूनच जात होती. आतून घोरण्याचा आवाज येत होता, असा संथ आणि भरदार, की ऐकणाऱ्याला जांभई यावी. एवढ्या मोठ्या हाकेनंही हा माणूस हलला नव्हता! पाटील क्षणभर उभे राहिले. मग मागे वळून, त्यांना जमेल तेवढ्या हलक्या आवाजात तुळसाला म्हणाले, "खालच्या गावाला निरोप धाडायचं काही कारण नाही. या घाटाला दोन नावाडी आहेत."

असं म्हणून त्यांनी आपल्या करकर वाजणाऱ्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि सारं अंगण अनवाणी, पाय न वाजवता ओलांडलं.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: ज्याची झोप उडाली आहे, त्याला औषध सांगण्याआधी आपणच त्याला हाका मारत नाही ना, ते बघावं. आणि ज्याची उडाली आहे, त्यानं आपलं वल्हं कधीतरी विश्वासाच्या माणसाच्या हाती द्यावं.