चालणारा दाणा

एका जंगलाच्या कडेला झाडांची रोपे तयार करणारी एक रोपवाटिका होती, आणि त्या रोपवाटिकेत एक करडी मांजरी राहत असे. सकाळभर ती रानात उंदरांच्या मागे हिंडे आणि ऊन चढले की छपरीतल्या गोणपाटावर येऊन झोपे. तिच्यासारखे टापटीप कुणी नव्हते. शेपटीच्या टोकापासून मानेपर्यंत ती रोज स्वतःला चाटून लख्ख करी. अंगाला खाज सुटली तर छपरीमागे जाई, कुणी पाहत नाही ना याची खात्री करी आणि मगच खाजवी.

त्याच छपरीच्या भिंतीत एक मुंगी राहत असे. बाकीच्या मुंग्यांना दाणा दिसला की त्या उचलत. हिला दाणा दिसला की आधी प्रश्न पडे. एके दिवशी गोणपाटावर तिला तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा दाणा दिसला. तिने त्याला तोंड लावले, तर दाणा चक्क पुढे सरकला! मुंगी दचकून मागे झाली.

"मावशी, मावशी, ऊठ! तुझ्या अंथरुणातला दाणा चालतो!"

"काहीतरीच काय बोलतेस?" मांजरी डोळे न उघडताच म्हणाली. "झोपू दे गं मला. हल्ली दुप्पट खाते, तरी अंगात त्राण म्हणून नाही."

खरेच, तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. रोपांना पाणी घालणाऱ्या शेवंताबाईंच्याही ते लक्षात आले. तसलेच दोन दाणे त्यांना मांजरीच्या शेपटीखाली चिकटलेले दिसले. "अगं बया, जंत झालेत की हिला! हे त्यांचेच तुकडे!" म्हणत त्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन गोळी घेऊन आल्या आणि माशाच्या तुकड्यात घालून त्यांनी ती मांजरीला चारली. दाणे दिसेनासे झाले. मांजरी पुन्हा उड्या मारू लागली. पण महिना उलटतो न उलटतो तोच गोणपाटावर पुन्हा पांढरे दाणे!

"पोटातले तर गेले होते," मुंगी विचार करू लागली, "मग हे आले कुठून?"

तिला काही चैन पडेना. रोज काम आटोपले की ती गोणपाटाच्या घडीत जाऊन बसू लागली. मुलांनो, तिथे तिने जे पाहिले, ते तुमच्या-आमच्या डोळ्यांना सहजी दिसायचे नाही. एक दाणा वाळून फुटला आणि त्यातून धुळीसारखी बारीक अंडी सांडली. केसाएवढी एक अळी वळवळत आली आणि अंडी खाऊन गेली. पुढे त्या अळीने स्वतःभोवती कोश विणला. बऱ्याच दिवसांनी कोश फुटला, आणि आतून बाहेर पडली एक तपकिरी पिसू! तिने टुणकन उडी मारली ती थेट मांजरीच्या पाठीवर. पिसू चावली. मांजरीने झटकन मान वळवली, दातांनी केस कुरतडले, जिभेने चाटले, आणि पिसू गेली पोटात.

 मुंगी धावतच मांजरीच्या पंजापाशी गेली. "मावशी, कळलं! जंताची अंडी पिसवेची अळी खाते, तिची पिसू होते आणि ती पिसू तुझ्या पोटात जाते. नुसत्या गोळीनं काय होणार? आधी पिसवा जायला हव्यात."

मांजरीच्या मिशा ताठ झाल्या. "पिसवा? माझ्या अंगावर? मी काय घाणेरडी आहे?"

"घाणेरडी कशानं? तू इतकी चाटून स्वच्छ होतेस, म्हणूनच तर त्या पोटात जातात. तू रानात फिरतेस, तिथून त्या येतात. यात लाजायचं काय आहे?"

पण मांजरी रागाने निघून गेली. दोन दिवस ती मुंगीशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी एका उंदरावर तिने झडप घातली, आणि मधेच पाय लटपटून ती चिखलात कोसळली. उंदीर पळालासुद्धा नाही. थांबून, तिच्याकडे पाहून सावकाश चालता झाला.

चिखलात पडल्या पडल्या मांजरीला मुंगीचे बोलणे आठवले. मग उठली, आणि छपरीमागे न जाता थेट शेवंताबाईंच्या पुढ्यात जाऊन बसली. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत ती कराकरा खाजवू लागली. "बघू गं, काय चावतंय तुला?" शेवंताबाईंनी तिचे केस फाकवून पाहिले आणि पिसवा दिसताच तिला टोपलीत घालून तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जंतांचे औषध तर दिलेच, शिवाय पिसवांचे औषध तिच्या मानेवर सोडले. परत येताच शेवंताबाईंनी गोणपाट उकळत्या पाण्यात टाकले, छपरी झाडून काढली आणि डॉक्टरांनी सांगितले तसे मानेवरचे औषध दर महिन्याला न चुकता लावले. बरेच महिने लोटले, पण मांजरीच्या पोटात जंत काही परतले नाहीत. अंग भरले, अंगावर तकाकी आली, आणि आता तिची चाहूल लागताच उंदरांची पळता भुई थोडी होऊ लागली.

मग एके दिवशी मांजरी आपणहून भिंतीपाशी आली. खाली वाकून तिने हळूच विचारले, "काय गं मुंगे, आज काय नवीन पाहिलंस? मलाही सांग ना."

तात्पर्य : दुखणे बरे करून थांबू नये, ते कुठून येते हेही शोधावे, आणि ते सांगायला लाजू नये, कारण लपवलेल्या दुखण्यावर कुणालाच इलाज करता येत नाही.